दुकान खाली, घर वर. भिंतींचा हिशेब कोणाकडे?

सुरतेहून आलेल्या मालात मीटरमागे एक रुपयाचा फरक निघाला, तर आपला व्यापारी आडत्याशी तासभर हुज्जत घालतो. थान मोजून घेतो, पन्हा तपासतो, रंग उतरतो की काय म्हणून कोपरा पाण्यात बुडवून पाहतो. तोच व्यापारी आयुष्याची कमाई घालून घर-दुकान बांधायला काढतो तेव्हा काय विचारतो? जिना कोणत्या बाजूने, शटर किती फुटांचे, टाइल्स कोणत्या कंपनीच्या. भिंत आडव्या धक्क्याला किती टिकेल, हा प्रश्न नगरच्या बाजारात आम्ही आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. म्हणून या वेळी कापडाचे भाव बाजूला ठेवून आम्ही भिंतींविषयी लिहीत आहोत.

विषय इंजिनियरांचा आहे, कापडवाल्याने त्यात कशाला पडावे, असे काही बंधू म्हणतील. पैसा आपला आहे, माल आपला आहे आणि वरच्या मजल्यावर झोपणारी मुलेबाळेही आपलीच आहेत, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते. शिवाय बांधणारे हातही पुष्कळसे आपलेच. नगर शहरात, भिंगारला, संगमनेर-श्रीरामपूरकडे गवंडी, सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे, वेल्डर, सुतार यांत आपले बंधू किती आहेत हे सांगायला नको. ज्याच्या हातात थापी आहे त्यालाही आणि ज्याच्या खिशातून पैसा जातो त्यालाही हा हिशेब कळला पाहिजे.

मूळ गोष्ट सोपी आहे. घराच्या भिंती वरून येणारे वजन पेलण्यासाठी बांधलेल्या असतात आणि ते काम त्या बहुतेक नीट करतात. अडचण येते ती बाजूने रेटा आला म्हणजे. भूकंप जमिनीला आडवे हलवतो आणि वादळाचा वाराही भिंतीला आडवाच ढकलतो. कापडवाल्याला हे समजायला फार वेळ लागू नये. सुती कापडाचा चौकोनी तुकडा घ्या. ताण्याच्या दिशेने ओढा, ताणला जात नाही. बाण्याच्या दिशेने ओढा, तरी नाही. आता दोन समोरासमोरचे कोपरे धरून उरेब ओढा. चौकोन तिरका झाला! धागा एकही तुटलेला नाही, पण आकार गेला. लाकडाच्या चार पट्ट्या खिळ्यांनी ठोकून केलेली चौकटही अशीच कलते. तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकली की ती हलायचे नाव घेत नाही. या तिरप्या आधाराला इंजिनियर मंडळी ब्रेसिंग म्हणतात. विटांच्या भिंतीत वेगळी पट्टी नसते, भिंतच ते काम करते; पण तिची ताकद संपली की ती उरेबच फाटते. भूकंपानंतरच्या फोटोंत दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर फुलीसारख्या तिरप्या भेगा दिसतात, त्या याच.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. न्यूझीलंड हा भूकंपाचा देश. तिथली बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची, एक-दोन मजल्यांची. त्यांच्यासाठी एनझेडएस ३६०४ नावाचे सरकारी मानक आहे आणि त्यात प्रत्येक घराच्या भिंतींचा आडव्या धक्क्याचा हिशेब मांडावा लागतो. मोजमापाचे एकक आहे ब्रेसिंग युनिट. २० युनिट म्हणजे साधारण १०० किलोचा आडवा रेटा. घराचा आकार, मजले, छपराचे वजन, जागेचा भूकंपाचा आणि वाऱ्याचा भाग हे भरले की त्या घराला लांबीच्या दिशेने किती युनिट पाहिजेत आणि रुंदीच्या दिशेने किती, हे निघते. नंतर भिंतींचा एकेक अखंड तुकडा लिहायचा. दारे-खिडक्या वजा जातात. कोणत्या प्रकारची भिंत किती युनिट देते, हे प्रयोगशाळेत भिंत प्रत्यक्ष ढकलून ठरवलेले असते. जमेची बेरीज मागणीपेक्षा कमी भरली, तर तो नक्शा पुढे जात नाही. दोन्ही दिशांचा हिशेब वेगवेगळा धरतात, हे ध्यानात ठेवा. लांबीच्या दिशेने शिल्लक पडली म्हणून ती रुंदीच्या खात्यात जमा करता येत नाही. आपल्या वहीत एका गिऱ्हाइकाची जमा दुसऱ्याच्या नावे टाकता येत नाही, तसेच.

हा हिशेब करणारे तिथले सर्वांच्या ओळखीचे सॉफ्टवेअर म्हणजे इझीब्रेस. ते काढले जिब नावाचे प्लास्टरबोर्ड विकणाऱ्या कंपनीने, आणि ते फुकट दिले. बरीच वर्षे ते साध्या एक्सेलच्या तक्त्यातच चालत असे. अमेरिकेतही सिम्पसन स्ट्राँग-टाय ही लाकूड जोडण्याच्या लोखंडी पट्ट्या विकणारी कंपनी तिथल्या घरबांधणीच्या नियमांप्रमाणे भिंतीची लांबी काढून देणारा हिशेबनीस फुकट पुरवते. माल विकणाऱ्यानेच हिशेबाचे साधन बाजारात ठेवले. गिऱ्हाइकाला नेमकी किती गरज आहे ते कळते आणि कंपनीचा मालही खपतो. व्यापारी बंधूंनी यातला धंदा ओळखावा. आपल्याकडे सिमेंट कंपन्या गवंड्यांचे मेळावे भरवतात, जेवण देतात, बॅग आणि टोपी देतात. त्या बॅगेत भिंतींच्या हिशेबाचा मराठी तक्ता घातला तर कंपनीचे काय बिघडेल?

या हिशेबाने फरक किती पडतो? दोन भूकंप शेजारी ठेवून पाहू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यात किल्लारी हादरली. तीव्रता ६.२ च्या आसपास. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. २२ फेब्रुवारी २०११ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहराखाली भूकंप झाला. तीव्रता पुन्हा ६.२ च्याच घरातली. शहर लाखो वस्तीचे. माणसे गेली १८५, आणि त्यांतली ११५ एकाच बहुमजली इमारतीत. लाकडी राहत्या घरांना तडे गेले, विटांची धुराडी पडली, जमीन खचली, पण ती घरे माणसांवर कोसळली नाहीत. किल्लारीचा धक्का पहाटेचा, माणसे झोपेत; क्राइस्टचर्चचा दुपारचा, हा फरक मान्य. पण किल्लारीला माणूस मेला तो भिंतीखाली आणि माळवदाखाली.

किल्लारीच्या त्या भिंती कशा होत्या हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, कारण तशाच भिंती आपल्या गावांतही अजून उभ्या आहेत. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, मध्ये दगडगोटे आणि मातीचा भराव. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर मातीचे जडच्या जड माळवद. एवढी जाड भिंत म्हणजे मजबूत, अशीच सर्वांची समजूत. धक्का बसला आणि दोन पदर दोन दिशांना सुटले. गादीचा खोळ उसवावा तसे. ज्या घरांत लाकडी खांब आणि तुळयांचे खण होते, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी भिंती पडूनही माळवद खांबांवर तरले. हे पाहणाऱ्या इंजिनियरांनी नंतर दुरुस्तीच्या शिफारशी केल्या, त्यांत खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा लाकडी टेकू ठोकावा, ही एक होती. दुसरी, भिंतीला ठिकठिकाणी आरपार भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरावे, म्हणजे दोन पदर एकमेकांना बांधले जातील. तिसरी, भिंतींना बाहेरून जाळी आणि सिमेंटचा आडवा पट्टा द्यावा. खर्च थोडा आणि काम गावच्या गवंड्याला आणि सुताराला येण्याजोगे. ५२ गावे तर जागतिक बँकेच्या मदतीने पूर्णपणे नव्या जागी वसवावी लागली.

आणि किल्लारीचा भाग तेव्हाच्या सरकारी नकाशात कुठे होता? सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात! म्हणून 'आपल्याकडे कुठे भूकंप होतो' हे बोलणे आम्हांस पटत नाही. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर २००२ साली तो नकाशा सुधारला, पहिला पट्टा काढूनच टाकला गेला. त्या नकाशात पुणे, नाशिक आणि सोलापूर तिसऱ्या पट्ट्यात दाखवले आहेत, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) दुसऱ्यात. आपला अहमदनगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, या चौघांच्या मधोमध पसरलेला आहे. एवढ्या मोठ्या जिल्ह्याला एकच उत्तर लावू नये. आपला तालुका कोणत्या पट्ट्यात धरला हे इंजिनियरकडून नक्शावरच लिहून घ्यावे. मानक सुधारले जात असते, म्हणून सध्या लागू असलेल्या आवृत्तीचे सालही लिहायला सांगावे.

भारतात कायदे-नियम नाहीत म्हणून घरे पडतात, असा एक गैरसमज आहे. विटा-दगडांच्या घरांसाठी आयएस ४३२६ हे भारतीय मानक १९६७ साली निघाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. कच्च्या दगड-विटांच्या भिंतींसाठी आयएस १३८२८ आणि मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ ही मानके १९९३ ची आहेत. भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की ही पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. इंग्रजी जड वाटत असेल, तर कानपूरच्या आयआयटीने सोप्या भाषेत आणि चित्रांसह काढलेल्या भूकंपविषयक टिपा हिंदीतही आहेत; आपल्या मिस्त्रींना त्या सहज समजतील. म्हणजे पुस्तक आहे. पण त्या पुस्तकाप्रमाणे आपले घर तपासणारा कोण?

महापालिकेचा संगणक तपासतो, असे पुष्कळांना वाटते. आता नक्शा ऑनलाइन भरावा लागतो, संगणक तो वाचतो, चूक दाखवतो, परत पाठवतो. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीने या कामासाठी ऑटो-डीसीआर नावाची प्रणाली काढली, ती अनेक शहरांत वापरली गेली. राज्यभरासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि तिच्याप्रमाणे ऑनलाइन परवानग्यांची व्यवस्था झाली. चांगलेच झाले, खेपा वाचल्या. पण हा संगणक पाहतो काय? समोरची आणि बाजूची मोकळी जागा किती सोडली, चटई क्षेत्र किती वापरले, जिना किती रुंद, खोलीची उंची किती, गाड्यांना जागा किती. भिंत धक्का सोसेल का, हा त्याचा प्रश्नच नाही. ती जबाबदारी सही करणाऱ्या इंजिनियरची. दर्जीने माप बरोबर घेतले म्हणून कापड टिकाऊ ठरत नाही. पास झालेल्या नक्शाचेही तसेच आहे.

लहान घरांचे तर त्याहून सुटे. ग्रामीण भागात सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामास नगररचना विभागाची परवानगी लागणार नाही, आणि सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत तर परवानाधारक माणसाने प्रमाणित केलेले नक्शे ग्रामपंचायतीला सादर केले की पुरे, असे राज्य शासनाने २०२० च्या अखेरीस जाहीर केले. लाल फितीचा त्रास गेला याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र मंजुरीतून सूट म्हणजे भूकंपातून सूट नव्हे. सरकारने हात काढला तेव्हा तो भार मालकाच्या डोक्यावर आला, हे कित्येकांच्या लक्षातच आलेले नाही.

आता आपल्या बाजाराच्या मुख्य दुखण्याकडे वळतो. खाली दुकान, वर घर. कापड बाजारात पहा, दाळमंडईत पहा, तालुक्याच्या कोणत्याही पेठेत पहा. समजा पुढची भिंत १५ फुटांची. त्यात १० फुटांचे शटर आणि वर जाण्याच्या जिन्याचे ३ फुटांचे दार. १५ पैकी १३ फूट उघडे! शेकडा ८६ पेक्षा जास्त. आयएस ४३२६ च्या तक्त्यात भिंतीतील दारे-खिडक्यांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या किती असावी हे दिलेले आहे. सर्वांत सौम्य वर्गातही एकमजली घराला शेकडा ६०, दुमजलीला ५० आणि तीन मजल्यांना ४२. कडक वर्गात हेच आकडे ५०, ४२ आणि ३३ होतात. म्हणजे आपल्या दुमजली घर-दुकानाला पुढे फार तर साडेसात फूट उघडे ठेवता आले असते. आपण तेरा ठेवतो. मागची भिंत मात्र जवळजवळ बंद, एखादी खिडकी. धक्का बसला की मागची बाजू ताठ आणि पुढची लुळी, म्हणून घर नुसते हलत नाही, ते पिळते. ओले कापड पिळावे तसे. आणि पुढच्या बाजूला गल्ल्यावर कोण बसलेले असते?

याचा अर्थ शटर लावू नये असा नाही. दुकानाचे तोंड बंद करून धंदा कोण करील? अशा वेळी विटांच्या भिंतीवर भरवसा न ठेवता शटरभोवती हिशेब करून काँक्रीटची चौकट उभी करायची असते, तिचे खांब पायात आणि वरच्या तुळईत नीट बांधलेले. तिचे माप इंजिनियरने काढायचे, मिस्त्रीच्या अंदाजाने नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की हे काम आहे हे मालकाला आधी माहीत तर हवे.

दोन गाळे एक करण्याची हौस ही त्याचीच बहीण. धंदा वाढला, शेजारचा गाळा मिळाला, मधली भिंत काढली, वर लोखंडी गर्डर टाकला, झाले. गर्डर वरचे वजन पेलतो, शंका नाही. पण ती भिंत ज्या आडव्या दिशेने घराला धरून होती ते काम गर्डर करीत नाही. तो वजनाचा धनी, रेट्याचा नव्हे. जुन्या पेठांतील सामाईक भिंतींचे प्रकरण तर याहून अवघड आहे, त्यात कोर्टकचेऱ्याही येतात. त्यावर पुन्हा कधीतरी.

'आमचे घर लोड-बेअरिंग नाही, कॉलम-बीमचे आहे' असे सांगणाऱ्यांनीही फार निश्चिंत राहू नये. स्टाड किंवा ईटॅब्स यांसारख्या सॉफ्टवेअरवर हिशेब केलेली चौकट असेल तर उत्तम. पण तालुक्याच्या गावी नऊ इंची कॉलम, चार सळया, शेजारच्या घराच्या नक्शावरून उतरवलेले, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. अशी घरे ना धड भिंतीची, ना धड चौकटीची. साखर कारखान्यात, मोठ्या अपार्टमेंटला संगणकाचा हिशेब होतो. आणि ज्या घरात गरीब आणि मध्यम माणूस राहतो तिथे मिस्त्रीचा अंदाज चालतो. अंदाजाला आम्ही नावे ठेवत नाही. चांगल्या मिस्त्रीचा तजुर्बा मोठी चीज आहे. पण तो तजुर्बा उभ्या वजनाचा आहे, कारण ते रोज दिसते. आडवा धक्का माणूस आयुष्यात एकदा पाहतो, किंवा पाहतही नाही. त्याचा तजुर्बा येणार कुठून?

खर्चाचे म्हणाल, तर आम्ही हिशेब करून पाहिला. २० बाय ३० फुटांचे घर धरा, मध्ये २० फुटांची एक भिंत. भिंतींची एकूण लांबी १२० फूट, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. दारा-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींवर न तुटता फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालायचा, ९ इंच रुंद आणि ३ इंच जाड. त्यात १० मिलिमीटरच्या दोन सळया आणि दर ६ इंचांवर ६ मिलिमीटरची आडवी कडी. लोखंड लागते ५५ ते ६० किलो, सिमेंट पाच-सहा गोणी. आजच्या भावाने ज्याने त्याने गुणून पहावे आणि शेजारी हॉलच्या फॉल सीलिंगचे बिल ठेवावे. जोत्याला आणि छपराखाली असेच पट्टे, आणि गरज असेल तिथे कोपऱ्यांत पायापासून स्लॅबपर्यंत एकेक उभी सळई, मजला आणि पट्टा पाहून १० ते १६ मिलिमीटरची. पट्टा मध्ये तोडायचा नाही. जिन्यासाठी, डक्टसाठी, कशासाठीही नाही. कमरेचा पट्टा एका ठिकाणी तुटला की तो पट्टा राहत नाही. आपल्याकडे लिंटल फक्त दारावर तेवढ्यापुरते टाकतात, ते दाराचे वजन पेलते, घराला बांधून ठेवत नाही.

भूकंप कोणाला दूरचा वाटत असेल, तर वारा तरी जवळचा आहे. भारतीय मानकात पुणे, नाशिक, औरंगाबाद या तिन्ही शहरांसाठी बांधकामाच्या हिशेबाला धरलेला वारा सेकंदाला ३९ मीटरचा, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या वादळात आपल्या जिल्ह्यात पत्र्यांची शेड दरवर्षी उडतात. कापडाच्या गोडाऊनचा पत्रा गेला आणि वरून पाऊस आला, तर काय होते ते आम्ही कापडवाल्यांनी दुसऱ्यांना सांगावे असे नाही. शेडच्या दोन टोकांच्या गाळ्यांत, भिंतीच्या बाजूला आणि छपरातही, सळईची फुली पाहिजे. फॅब्रिकेशनवाले आपले पुष्कळ बंधू ती घालतात. काही जण 'गिऱ्हाईक किलोचा भाव पाडते' म्हणून ती गाळतात. गिऱ्हाईक आपणच असतो, हेही खरे.

तर मग न्यूझीलंडचे सॉफ्टवेअर आणून बसवावे काय? मुळीच नाही. ते लाकडी घरांचे, तिथल्या बोर्डाचे, तिथल्या मानकाचे. आपल्या विटेला ते लागू नाही. त्यातली पद्धत घ्यावी. आयएस ४३२६ चे हे दोन-तीन तक्ते एक्सेलमध्ये बसवणे हे डिप्लोमाच्या मुलांना जमण्यासारखे काम आहे. नगरला शासकीय तंत्रनिकेतन आहे, विळद घाटात विखे पाटलांचे अभियांत्रिकी कॉलेज आहे, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी आहे. शेवटच्या वर्षाची मुले प्रोजेक्ट शोधत असतात. भिंतींची लांबी, उघड्या जागा, मजले, पट्टा एवढे भरले की खाली मराठीत उत्तर यावे: पुढची भिंत कमी पडते, इंजिनियरला दाखवा. मोबाइलवर चालावे, कारण मिस्त्रीजवळ लॅपटॉप नसतो. हा तक्ता इंजिनियरची जागा घेणार नाही. तो मालकाला आणि मिस्त्रीला प्रश्न विचारायला शिकवील.

साधनावर आंधळा विश्वासही नको. क्राइस्टचर्चची ती ११५ माणसे ज्या इमारतीत गेली, ती इंजिनियरने नियम डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती. चौकशी आयोगाला तिच्या आराखड्यातच दोष सापडले. संगणकात चुकीचे माप घातले तर उत्तरही चुकीचेच येते, फक्त छापून येते म्हणून खरे वाटते. कागदावर नऊ इंची भिंत दाखवून जागेवर साडेचार इंची बांधली, तर सॉफ्टवेअर काय करणार?

इथे आमच्या कारागीर बंधूंची किंमत वाढते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण ठेवलेले आहे, प्रत्यक्ष घर बांधता बांधता शिकवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र द्यायचे. आपल्या तरुणांनी पंचायत समितीत जाऊन त्याची चौकशी करावी. हातात हुन्नर आहे पण कागद नाही, म्हणून मोठ्या ठेकेदाराकडे मजूर म्हणून राबणारे आपले कितीतरी मिस्त्री आम्हांस माहीत आहेत. जो मिस्त्री मालकाला सांगू शकेल की 'शेठ, या भिंतीत एवढे शटर बसत नाही, आधी चौकट काढून घ्या', त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही.

व्यापारी बंधूंनी पुढच्या बांधकामाला इंजिनियरची फी ठरवताना एक पान जास्तीचे मागावे. त्यावर चार गोष्टी असाव्यात: जागा कोणत्या भूकंप पट्ट्यात धरली, दोन्ही दिशांच्या भिंतींत उघड्या जागा शेकडा किती, पट्टे कोणकोणत्या उंचीवर, आणि कोपऱ्यांत सळई किती. खाली सही आणि तारीख. त्या पानाची एक प्रत मिस्त्रीच्या हातात द्यावी, आणि लिंटलचे काँक्रीट पडायच्या दिवशी दुकान तासभर मुलावर सोपवून जागेवर जाऊन यावे. पट्टा जिन्यापाशी तुटलेला तर नाही ना, एवढे पाहायला इंजिनियर लागत नाही.